होमस्टेमधल्या चादरी-टॉवेलांची राखण

होमस्टे, व्हिला किंवा एक-दोन रात्रींसाठी भाड्याने दिलेला फ्लॅट, अशा ठिकाणी पाहुण्यांच्या वापराने चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, गाद्या खराब होऊ नयेत म्हणून मालक जी काही तजवीज करतो ती म्हणजे ही राखण. कोकणात अलिबाग, दिवेआगर, गुहागर, तारकर्ली या पट्ट्यात न्याहारी-निवास योजनेतली घरंही आहेत आणि ॲपवर बुक होणारीही, म्हणून इथली उदाहरणं मुख्यतः तिकडचीच. मोठ्या हॉटेलाची स्वतःची लॉन्ड्री असते, होमस्टेवाल्याकडे मात्र सकाळी एक पार्टी गेली की दुपारी दुसरी दारात हजर, आणि धुवायला घरचं मशीन नाहीतर गावातला परीट, त्यामुळे एक चादर डागाळली तरी त्याची धावपळ होते.

पाहुणे मुद्दाम नासधूस करतात असं धरून चाललं की उपाय चुकतात. बहुतेक डाग पडतात ते हाताशी दुसरं काही नसतं म्हणून. मेकअप पुसायला पांढरा टॉवेल, समुद्रावरून आल्यावर पाय पुसायलाही तोच, आणि खुंटी नाही म्हणून तो ओलाच गादीवर. म्हणून बाथरूममध्ये दोन-तीन काळे नॅपकिन मेकअपसाठी म्हणून चिठ्ठी लावून ठेवायचे, दाराबाहेर पाय धुवायला नळ आणि शेजारी जुने पंचे, खोलीत भरपूर खुंट्या, आणि जेवणाचं टेबल पलंगापासून लांब, एवढ्याने निम्मी कटकट कमी होते. भिंतीवर दंडाची पाटी लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं, पाटीमुळे लोक डाग लपवतात आणि लपवलेला डाग वाळून पक्का होतो.

चादर पांढरी घ्यावी की रंगीत यावर मालकांची मतं वेगळी आहेत. वेस्टिन हॉटेलांनी १९९९ मध्ये पूर्ण पांढरा बिछाना आणला आणि मग ती पद्धत सगळीकडे पसरली. पांढरं मळखाऊ नसतं हे खरं, पण डाग लगेच दिसतो आणि कापड गरम पाण्यात टाकता येतं. गडद रंगाच्या टॉवेलवर मुरमांच्या क्रीममधलं बेन्झॉइल पेरॉक्साइड लागलं की तिथला रंगच उडतो, त्याला धुण्याचा काही इलाज नाही. म्हणून चादरी पांढऱ्याच घ्याव्यात, फक्त प्रत्येक पलंगामागे तीन सेट हवेत, एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. टॉवेल सोलापूरचे टेरी उत्तम, त्यांना जीआय (भौगोलिक) मानांकनही आहे, पण ४०० ते ५०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचे घ्यावेत, त्याहून जाड टॉवेल पावसाळ्यात वाळत नाही आणि कुबट वास धरतो. गादीवर वॉटरप्रूफ प्रोटेक्टर हवाच हवा, कारण चादर धुता येते, गादी नाही. वर सुती टेरी आणि खाली टीपीयूचा (मऊ, ताणलं जाणारं, पाणी अडवणारं प्लास्टिक) पातळ थर असलेला घ्यावा, नुसत्या साध्या प्लास्टिकचा असला तर रात्रभर कुरकुरतो आणि घाम येतो.

एवढं करूनही डाग पडतातच, आणि तेव्हा पाहुण्यापेक्षा आपली घाई जास्त नुकसान करते. माशाच्या कालवणाचा डाग घ्या. आधी भांडी घासायचं लिक्विड लावून त्यातलं तेल काढायचं, मग धुवायचं. साबण लागला की पिवळा डाग लाल होतो कारण हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलतं, ते बघून माणूस घाबरतो आणि घासत सुटतो, पण चादर तशीच नीट खळबळून कडक उन्हात घातली की एक-दोन दिवसांत बराचसा रंग आपोआप उडतो. रक्ताचं उलट, तिथे फक्त गार पाणी, गरम पाण्याने ते धाग्यात पक्कं बसतं, आणि उरलेल्या खुणेला मेडिकलमध्ये मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड. एप्रिल-मे मध्ये काजूची बोंडं हौसेने खाणारे पाहुणे येतात, त्या रसाचा डाग आधी दिसतसुद्धा नाही आणि नंतर तपकिरी होऊन बसतो, तो सहसा जातच नाही, तेव्हा बोंडं अंगणातच खायला सांगावं.

सगळ्यात फसवा डाग सनस्क्रीनचा. चादर धुण्याआधी स्वच्छ दिसते आणि धुतल्यावर तिच्यावर गंजासारखे नारिंगी ठिपके येतात, कारण सनस्क्रीनमधल्या अव्होबेन्झोन या ऊन अडवणाऱ्या रसायनाची पाण्यातल्या लोहाशी गाठ पडते, आणि जांभ्या दगडाच्या भागातल्या कितीतरी बोअरवेलच्या पाण्यात लोह असतंच. इथे क्लोरीनचं ब्लीच ओतलं की डाग आणखी गडद होतो. लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवायचं, पण ब्लीच वापरलं असेल तर आधी ते पूर्ण धुऊन काढायचं, कारण ब्लीचमध्ये लिंबू काय किंवा टॉयलेट क्लीनर काय, आम्ल मिसळलं की विषारी क्लोरीन वायू निघतो. ब्लीच कामाच्या बायकांच्या हातात देताना हे त्यांना स्पष्ट सांगितलंच पाहिजे.

भरपाईचं म्हणाल तर एअरबीएनबी या बुकिंगच्या ॲपवर चेकआउटपासून १४ दिवसांच्या आत फोटो आणि बिल जोडून मागणी करता येते, नेहमीच्या वापराची झीज त्यात धरत नाहीत. एका टॉवेलसाठी हा खटाटोप करू नये, तो खर्च भाड्यातच धरलेला बरा. गादी जळली, भिजली किंवा सगळा सेटच गेला तर मात्र संकोच न करता भरपाई मागावी, त्यासाठी पार्टी निघाल्या निघाल्या बिछाना उलगडून बघायची सवय हवी, दुसरी पार्टी झोपून गेल्यावर डाग कुणाचा हे सांगता येत नाही.