मागणीनुसार व्यवसाय प्रशिक्षण (गोवा)

उद्योगांना लागणारी कौशल्ये बदलली की प्रशिक्षणाचे व्यवसाय, अभ्यासक्रम आणि प्रवेशाच्या जागा त्यानुसार बदलण्याचे धोरण. ‘व्यवसाय’ हा शब्द येथे आयटीआयमधील (औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील) अर्थाने, म्हणजे फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन अशा ट्रेडसाठी घेतला आहे.

आयटीआयमधील प्रशिक्षण जिच्याखाली चालते ती शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना देशात १९५० मध्ये सुरू झाली. गोवा मुक्त झाला ते १९६१ हेच शिकाऊ उमेदवारी (प्रत्यक्ष आस्थापनेत काम करत शिकणे) कायद्याचेही वर्ष होय. व्यवसायांचे अभ्यासक्रम केंद्रीय पातळीवर ठरतात. कोणता व्यवसाय कुठल्या आयटीआयमध्ये चालवायचा, हा निर्णय मात्र मुख्यतः राज्याकडे असतो. नव्या व्यवसायासाठी जागा, यंत्रे, पुरेसा वीजभार आणि संलग्नता मिळवावी लागते आणि त्याहून अवघड म्हणजे तो शिकवू शकणारा निदेशक शोधावा लागतो. फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असल्याने आज प्रवेश देताना दोन वर्षांनंतरच्या मागणीचा अंदाज बांधावा लागतो.

फिटरचा प्रशिक्षणार्थी सुरुवातीला व्हाइसमध्ये पकडलेली लोखंडी पट्टी कानशीने घासतो आणि ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासण्याचा गुण्या) लावून उजेडाकडे धरून फट दिसते का ते पाहतो. वेर्ण्याच्या औषध कारखान्यात यंत्रांची देखभाल करताना त्याला सेन्सर आणि पीएलसीही (यंत्रे आपोआप चालवणारे संगणकीय नियंत्रक) कळावे लागतात. तरीही कानशीने हाताला आलेला अंदाज तेथे वाया जात नाही. त्यामुळे अभ्यासक्रमात काय घालायचे यापेक्षा ठरलेल्या तासांतून काय वगळायचे, हा प्रश्न अधिक बिकट होतो.

मागणी एकाएकी नाहीशी झाली तर हे धोरण लंगडे पडते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये गोव्यातील लोहखनिजाचे खाणकाम थांबवले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे भागांतील टिप्परचालक आणि डिझेल मेकॅनिक यांचे काम गेले, कौशल्य मात्र जुने झाले नव्हते. अशा वेळी अभ्यासक्रम सुधारून भागत नाही, हाताशी असलेल्या कामगाराला थोडक्या मुदतीत दुसऱ्या कामाकडे वळवावे लागते. याउलट जानेवारी २०२३ पासून सुरू झालेल्या मोपा विमानतळाची चाहूल कित्येक वर्षे आधी लागलेली होती.

शिकाऊ उमेदवारी हा त्यामानाने चपळ मार्ग आहे. २०१४ च्या दुरुस्तीने आस्थापनांना स्वतःचे ऐच्छिक व्यवसाय आखण्याची मुभा मिळाली, तर २०१९ पासून तीस वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. हॉटेलांच्या बाबतीत वेळापत्रकही जुळावे लागते. आयटीआयचे सत्र ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात सुरू होते आणि गोव्यातील हॉटेलांना माणसे लागतात ती डिसेंबरच्या हंगामात. तेव्हा वर्गातले पाठ पावसाळ्यात उरकून हंगामात प्रशिक्षणार्थी हॉटेलात पाठवणे सोयीचे पडते.