जुना पीसी, पण मेम कुठलं? घरगुती आर्केड कॅबिनेटची पार्श्वभूमी

घरी आर्केड कॅबिनेट, म्हणजे पार्लरमधल्यासारखी व्हिडिओ गेमची पेटी, करायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: माळ्यावरचा जुना पीसी काढ, सगळं चालतं त्याच्यावर. सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. पीसी जुना असेल तर त्याच्यावर मेमची, म्हणजे आर्केड यंत्रांची कॉम्प्युटरवर नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमची, कुठली आवृत्ती टाकायची, हे तो सांगत नाही. मग प्लाय कापून, सनमायका चिकटवून झाल्यावर स्क्रीनवर ‘फायली सापडत नाहीत’ एवढंच येतं.

नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांचा आरंभ सोडून देऊ. आपल्या कामाचं एकच: १९८५ मध्ये जपानमध्ये ५६ पिनांच्या जोडणीचं प्रमाण, जॅमा, ठरलं. त्यानंतर पेटी तीच ठेवून आतला खेळाचा सर्किट बोर्ड बदलता येऊ लागला. पेटी एक आणि खेळ अनेक, ही कल्पना पार्लरवाल्यांची. घरगुती कॅबिनेटने ती उचलली.

बोर्डाच्या जागी कॉम्प्युटर आला तो मेममुळे. एका इटालियन प्रोग्रामरने फेब्रुवारी १९९७ मध्ये त्याची पहिली आवृत्ती काढली, तीही डॉससाठी. तेव्हा बटणं जोडायला तयार काही मिळत नसे, म्हणून लोक कीबोर्ड फोडत. आतली सर्किटची छोटी पाटी काढायची, वायरचा तुकडा दोन-दोन पट्ट्यांना टेकवत कुठली जोडी कुठलं अक्षर उमटवते ते वहीत लिहायचं, आणि तिथून तारा थेट बटणांना. मेममध्ये नाणं म्हणजे ५, सुरुवात म्हणजे १, पहिली तीन बटणं कंट्रोल, ऑल्ट, स्पेस आणि चौथं शिफ्ट. स्ट्रीट फायटर २ मध्ये लाथ जोरात चालली की पाचव्या शिफ्टला विंडोज मध्येच खिडकी उघडून विचारायचं, स्टिकी कीज हव्यात का! शिवाय पाटीवर चौकोन होईल अशा तीन कळा एकदम दाबल्या की चौथी भुतासारखी उमटे किंवा तिसरी हरवे. दोघं खेळत असतील तर भांडण नक्की.

आता मूळ वादाकडे: मेम जुनं ठेवायचं की नवं? सुरुवातीचं मेम वेगासाठी बऱ्याच युक्त्या करायचं: काही प्रोसेसरांची नक्कल असेंब्लीत, चित्राचा बदललेला तेवढाच तुकडा पुन्हा काढणं, डाँकी काँगसारख्या खेळांत सर्किटऐवजी आवाजाचे ध्वनिमुद्रित तुकडे. पेंटियमवर खेळ पळत होते ते यामुळे. पण प्रकल्पाचा जाहीर हेतू आहे यंत्रांची नोंद. खेळता येणं म्हणजे ती नोंद बरोबर असल्याचा पुरावा, एवढंच. त्यामुळे युक्त्या एकेक करून काढल्या गेल्या. २००६ मध्ये, ०.१०६ नंतर, चित्र काढण्याची व्यवस्थाच बदलली आणि जुन्या पीसीवाल्यांनी तिथेच मुक्काम ठोकला. संग्रहाच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. माझं मन मात्र अजून मुक्काम ठोकणाऱ्यांकडे झुकतं. प्रोसेसर बदलायला पैसे असते तर भंगारातला पीसी कशाला आणला असता?

या वादात ‘रॉम’ शब्दाचा पार गुंता झाला. मुळात रॉम म्हणजे बोर्डावरची चिप. मग चिपमधून उतरवलेल्या फाइलला रॉम म्हणू लागले, मग अशा फायलींच्या झिपला. मेमला मात्र हवा असतो ‘सेट’: त्या आवृत्तीच्या यादीतल्या सगळ्या फायली, नावं आणि चेकसमसकट (फाइल नेमकी तीच आहे का, हे तपासायचा आकडा). एखाद्या चिपची अधिक चांगली प्रत मिळाली की यादी बदलते. म्हणून रॉम खराब आहे ही तक्रार बहुतेक वेळा चुकीची असते. रॉम धड असतो, आवृत्ती वेगळी असते.

उदाहरण घरचंच घेऊ. १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स आपल्या पार्लरांत त्यातल्या एका पात्राच्या नावाने, ‘मुस्तफा’ म्हणून ओळखला जायचा. मेममध्ये त्याची झिप ‘डिनो’. या बोर्डाच्या आवाजाचं काम क्यूसाउंड नावाची चिप करते. तिच्या आतला प्रोग्रॅम हाती नव्हता तोवर मेम अंदाजाने काम भागवत होतं आणि ‘डिनो’ एकटी पुरायची. पुढे तो प्रोग्रॅम सेटमध्ये आला. तेव्हापासून वेगळी क्यूसाउंडची फाइल नसेल तर तीच जुनी झिप नव्या मेममध्ये सुरूच होत नाही. मी एक अख्खा रविवार बटणांच्या तारा तपासण्यात घालवला होता, तो यापायी.

२०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर आला तेव्हा जुन्या पीसीचे दिवस संपले असं वाटलं. पण त्याचीही ताकद बेताचीच, म्हणून २००० ची ०.३७ बीटा ५ आणि २००३ ची ०.७८ या आवृत्त्या त्याच्यावर पुन्हा चालू झाल्या. २०१६ पर्यंत मेमच्या परवान्यात व्यापारी वापराला बंदी होती. त्या वर्षी परवाना खुला झाला, खेळांचे हक्क मात्र ज्याचे त्याच्याकडेच राहिले. २०१८ मध्ये कमी उंचीची परवानाधारक तयार कॅबिनेटं बाजारात आली, पण त्यांत खेळ मोजकेच आणि मुस्तफा कुणी दिला नव्हता. कीबोर्ड फोडायचीही गरज उरली नाही, बटणं कॉम्प्युटरला जोडणारी यूएसबीची स्वस्त एन्कोडर पाटी बटणांसकट मिळते. माझ्या पेटीत पीसी अजून जुनाच आहे, आणि मेम ०.१०६.