चित्रपटनिश्चिती

चित्रपटनिश्चिती : नाव विसरलेला किंवा श्रेयनामावली गमावलेला जुना चित्रपट तुटक तपशिलांवरून ओळखून त्याचे नाव, निर्मितिवर्ष आणि आवृत्ती ठरविण्याची पद्धती. प्रश्न बहुधा दोन वाटांनी येतो : प्रेक्षकाच्या मनात एखादा प्रसंग उरलेला असतो, किंवा संग्रहात सुरुवात-शेवट नसलेले रीळ दाखल होते.

प्रेक्षकाला कथानकापेक्षा प्रसंग आठवतो. ‘दोन म्हातारे बुद्धिबळ खेळतात आणि शेवटी धरण फुटते’ एवढ्यावरून प्रभातच्या, व्ही. शांताराम दिग्दर्शित १९४१ च्या चित्रपटापर्यंत पोहोचता येते. मात्र तो मराठी ‘शेजारी’ की हिंदी ‘पडोसी’, हे त्यावरून ठरत नाही. दोन म्हाताऱ्यांपैकी मुसलमान असलेल्या मिर्झाच्या भूमिकेत दोन्हीकडे गजानन जागीरदारच आहेत. त्याच्या हिंदू मित्राचे काम मराठीत केशवराव दाते यांनी, तर हिंदीत मझहर खान यांनी केले. म्हणून विचारणा त्या दुसऱ्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यापाशी न्यावी लागते. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ (१९३७) या जोडीत हा उपायही चालत नाही, कारण दोन्हींत शांता आपटे आणि केशवराव दाते हेच प्रमुख नट आहेत. तेथे संवादाची किंवा गाण्याची भाषा आठवणे भाग पडते. मुखड्याची एखादी ओळ हाती असल्यास हरमंदिरसिंह ‘हमराज़’ यांचा हिंदी फिल्म गीतकोश आणि चित्रपटगृहात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका मोठा आधार देतात. एका चित्रपटाचे गाणे दुसऱ्याच्या दृश्याला जोडले जाणे ही मात्र आठवणीची नेहमीची चूक होय.

रिळाच्या बाबतीत फिल्मच्या कडेवरील खुणा पाहतात. कोडॅकच्या कच्च्या फिल्मवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा आकृत्यांनी उत्पादनवर्ष दर्शविले जाई व ही मालिका साधारण वीस वर्षांनी पुन्हा येई. त्यामुळे एकाच खुणेचा अर्थ १९१७ किंवा १९३७ असा होऊ शकतो. शिवाय निगेटिव्हवरील खूण प्रतीवरही उमटते, आणि उत्पादनवर्ष म्हणजे चित्रीकरणवर्ष नव्हे. अशा खुणेवरून फार तर ‘या वर्षाआधीचा नसावा’ एवढेच म्हणता येते.

या पद्धतीची सर्वांत कठीण कसोटी दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’बाबत लागली आहे. मूळ चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात जनतेसाठी प्रदर्शित झाला. त्याची लांबी सुमारे ३,७०० फूट, म्हणजे चार रिळे, होती. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्थापना १९६४) पहिले व शेवटचे अशी दोनच रिळे उरली आहेत. ती १९१३ ची, असे बराच काळ मानले जाई. काही इतिहासकारांच्या मते मात्र ती फाळके यांनीच १९१७ मध्ये नव्याने चित्रित केलेल्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ची आहेत. कथा व दिग्दर्शक तेच असल्याने रोहिताश्वाला धनुर्विद्या शिकविणारा राजा किंवा हौदातील ओल्या साड्यांतल्या दासी (अर्थात पुरुष नट) यांवरून निवाडा होत नाही. १९१७ ची आवृत्ती नंतरची असल्याने तिच्या प्रती अधिक काळ फिरत राहिल्या असाव्यात, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तरीही लोकप्रिय लेखनात ही दृश्ये ‘१९१३’ एवढ्याच उल्लेखाने छापली जातात. किमान ‘१९१३/१९१७’ असे लिहिणे अगत्याचे आहे.

बोलपटाच्या आधी भारतात सुमारे १,३०० मूकपट निघाले, त्यांपैकी फारच थोडे टिकले. न टिकलेल्यांच्या बाबतीत जाहिराती, वृत्तपत्रांतील परीक्षणे आणि १९२० नंतरच्या सेन्सॉरच्या नोंदी हेच साधन आहे. ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मवरील प्रती नष्ट झाल्या असल्यास, प्रेक्षकाचे वर्णन बरोबर असले तरी ते पडताळण्यासाठी समोर ठेवायला रीळच नसते.