टीडीएस तेवढाच, मग सॉफ्टनर करतो काय?

वाघोली, बावधन, हिंजवडी अशा पुण्याच्या कडेला वाढलेल्या भागांत अनेक सोसायट्यांचे पाणी बोअर आणि टँकर यांवर भागते. तिथे सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा घालवणारे यंत्र, बसवला की काही दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते. कोणीतरी टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या घटकांचे एकूण प्रमाण) दाखवणारा मीटर आणतो, यंत्राच्या आधीचे आणि नंतरचे पाणी तपासतो, आकडा जवळपास सारखाच निघतो आणि यंत्र कुचकामी ठरवले जाते. हा निष्कर्ष चुकीचा आहे. सॉफ्टनर उत्तम चालत असला तरी टीडीएस कमी होत नाही, उलट किंचित वाढतो. तो का वाढतो हे नीट समजले, तर कोकणातील समुद्राजवळची गोड्या पाण्याची विहीर खारी होताना काय घडते तेही समजते. कारण दोन्हीकडे रासायनिक क्रिया एकच आहे, फक्त तिची दिशा उलट आहे.

पाण्याचे काठिण्य, म्हणजे आपण ज्याला पाणी जड आहे असे म्हणतो ते, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या आयनांमुळे, म्हणजे विद्युत प्रभार असलेल्या कणांमुळे, येते. खडकवासला साखळीतील धरणांचे पाणी तुलनेने मृदू असते. पावसाचेच पाणी जमिनीत मुरले, की मातीतील कार्बन डायऑक्साइडमुळे ते किंचित आम्लधर्मी होते आणि बेसाल्ट खडकाच्या भेगांतून झिरपताना हे दोन्ही धातू सोबत घेते. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचे काठिण्य लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते. (हे आकडे कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात मोजतात.)

सॉफ्टनरच्या टाकीत रेझिनचे, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचे, पिवळसर तपकिरी मणी असतात, साधारण अर्धा मिलिमीटर व्यासाचे. त्यांच्या रेणूंवर ऋण प्रभाराच्या जागा कायमच्या जडवलेल्या असतात आणि प्रत्येक जागेवर एकेक सोडियम आयन बसलेला असतो. कॅल्शियमवर दोन धन प्रभार असल्यामुळे तो दोन जागा व्यापतो आणि दोन सोडियम पाण्यात सुटतात. म्हणजे ४० ग्रॅम कॅल्शियम गेले की त्याच्या जागी ४६ ग्रॅम सोडियम येते. पाण्यातून काहीच काढून टाकलेले नसते, केवळ अदलाबदल झालेली असते, आणि टीडीएस मीटर तर फक्त विद्युतवाहकता मोजून आकडा काढतो. त्याला आयनांची ओळख पटत नाही.

खरी गंमत पुढे आहे. रेझिन भरले की त्यातून मिठाचे साधारण १० टक्क्यांचे द्रावण सोडतात आणि तोच सोडियम आता कॅल्शियमला हुसकावून लावतो. जो सोडियम आधी हरला, तो आता कसा जिंकतो? एका कॅल्शियमची अदलाबदल दोन सोडियमशी होत असल्यामुळे समतोलाच्या गणितात कॅल्शियमची संहती (द्रावणातील प्रमाण) जशीच्या तशी येते, तर सोडियमच्या संहतीचा वर्ग येतो. दोन्ही आयन असलेले द्रावण दहापट विरल केले, तर कॅल्शियमची बाजू दहापटीने घटते, पण सोडियमची शंभरपटीने. म्हणून बोअरच्या विरल पाण्यात कॅल्शियम वरचढ ठरतो आणि दाट मिठवणीत सोडियम. रेझिन तेच असते, मणीही तेच असतात. बदलते ती केवळ द्रावणाची तीव्रता.

ही अदलाबदल माणसाने शोधून काढली ती मातीत. १८५० च्या सुमारास थॉम्पसन आणि वे या इंग्रज संशोधकांनी दाखवून दिले, की मातीतून अमोनियाचे क्षार असलेले पाणी गाळले तर अमोनिया मातीत राहतो आणि बाहेर कॅल्शियम येते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे सॉफ्टनरही आयनांची अशीच अदलाबदल करणाऱ्या झिओलाइट वर्गातील पदार्थांवर चालत, आणि स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांसारखी नैसर्गिक झिओलाइट खनिजे पुण्याच्या परिसरातील खाणींत, बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये, विपुल सापडतात.

आता किनाऱ्याकडे वळू. जांभ्याच्या कातळातील विहिरींचे पाणी बहुधा मृदू असते. समुद्राजवळ जमिनीखाली हे गोडे पाणी जास्त घनतेच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. घनतांच्या फरकामुळे ढोबळमानाने समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे ४० मीटर गोडे पाणी टिकते. त्यामुळे पंपाने पातळी थोडी जरी उतरवली, तरी खालून खारे पाणी बरेच वर सरकते. समुद्राच्या पाण्याचे काठिण्य लिटरला सुमारे ६,३०० मिलिग्रॅम भरते आणि त्यातला मोठा वाटा मॅग्नेशियमचा असतो. त्याचे फक्त २ टक्के मिश्रण झाले, तर काठिण्य साधारण १२५ ने वाढते, क्लोराइड मात्र जवळजवळ ३९० ने. म्हणजे केवळ या भरीमुळे क्लोराइडची २५० ची स्वीकार्य मर्यादा मागे पडते. शिवाय हे काठिण्य पाणी उकळून जात नाही.

पण खाडीकाठच्या चिकणमातीतून येणारे पाणी तपासले, तर कॅल्शियम या साध्या मिश्रणाच्या हिशेबापेक्षा जास्त आढळू शकते. चिकणमातीच्या कणांवर आधी कॅल्शियम बसलेले असते, समुद्राचा सोडियम येतो आणि त्याला बाहेर काढतो. मीठ सोडल्यावर सॉफ्टनरमध्ये जे घडते, नेमके तेच. पुढे पाऊस भरपूर झाला, उपसा थांबला आणि गोडे पाणी परत आले, की माती त्यातील कॅल्शियम धरून ठेवते आणि सोडियम सोडते. तेव्हा सोडियम बायकार्बोनेटचे, निसर्गतः मृदू पाणी मिळते. पाण्याच्या रासायनिक पृथक्करणाच्या तक्त्यावरून समुद्र पुढे येतो आहे की मागे हटतो आहे, हे भूजलतज्ज्ञ अशा प्रकारे ओळखू शकतात. टीडीएसच्या एका आकड्यातून हे कधीच कळणार नाही.

त्या आकड्याचा गैरवापर मात्र सर्रास होतो. त्या आकड्याची भीती घालून शुद्धीकरण यंत्र विकण्यासाठी नळाच्या पाण्यात लोखंडाची कांडी बुडवून, वीज सोडून पाणी काळे-तपकिरी करून दाखवणारा विक्रेता घाण दाखवत नसतो, तर स्वतःच्याच कांडीचे लोखंड विरघळवत असतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय कॅम्पायलोबॅक्टर या जिवाणूवर होता, आणि जिवाणू कोणत्याही टीडीएस मीटरवर दिसत नाही.

सॉफ्टनर तपासायचा असेल तर काठिण्याचे किट वापरावे. नमुन्यात बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण) आणि दर्शक (रंग बदलणारे द्रव्य) टाकल्यावर जड पाणी गडद तांबूस होते, मग तिसऱ्या बाटलीतील थेंब मोजत ते निळे होईपर्यंत टाकायचे. सॉफ्टनर ठीक असेल तर नंतरचे पाणी दर्शक पडताच निळे दिसते.

५०० काठिण्याचे पाणी पूर्ण मृदू केले, तर लिटरला सुमारे २३० मिलिग्रॅम सोडियम वाढते. म्हणून पिण्याच्या पाण्याची जोडणी सॉफ्टनरच्या आधी घ्यावी, विशेषतः घरात रक्तदाबाचा रुग्ण असेल तर. हेच वापरलेले पाणी शुद्धीकरण प्रकल्पातून सोसायटीच्या बागेत जाते आणि काळ्या मातीच्या कणांवर सोडियम बसून माती चिकट, घट्ट होते, पाणी मुरेनासे होते. त्यावर उपाय म्हणून जिप्सम टाकतात. त्यातील कॅल्शियम पुन्हा मातीवर बसतो आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर वाहून जातो, मात्र त्यासाठी बागेला निचरा हवा.