रामकुंडातलं पाणी झऱ्याचं की धरणाचं?

गोदापात्रातलं काँक्रीट काढलं तर कुंडांचे जुने झरे पुन्हा वाहू लागतील का, यावर नाशिकमध्ये बरीच वर्षं वाद चालू आहे. 2027 चा सिंहस्थ जवळ येतोय, त्यामुळे हा विषय आता आणखी निकडीचा झाला आहे. कुणी म्हणतं, रामकुंडाला स्वतःचं जिवंत पाणी आहे. कुणी म्हणतं, उन्हाळ्यात दिसतं ते गंगापूर धरणाच्या आवर्तनाचं, नाहीतर गळक्या जलवाहिनीचं. याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळू शकतं आणि त्यासाठी छोटी बाटलीभर पाणी पुरतं. तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून खाली झरा आहे, असं सांगणाऱ्या पाणाड्याला पैसे मोजण्यापेक्षा ही बाटली कितीतरी भरवशाची. पाणाड्याच्या कोरड्या गेलेल्या विहिरी कुणी मोजत नाही. इथे प्रत्येक आकडा दुसऱ्याला तपासता येतो.

पाण्याचे सगळे रेणू सारख्या वजनाचे नसतात. दर 1000 रेणूंमागे साधारण 2 रेणूंत नेहमीच्या ऑक्सिजन-16 ऐवजी ऑक्सिजन-18 असतो. दर 10,000 मागे साधारण 3 रेणूंत एका हायड्रोजनच्या जागी त्याचा दुप्पट वजनाचा भाऊ, ड्युटेरियम, असतो. हे स्थिर समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू. ते किरणोत्सारी नाहीत, त्यामुळे पाणी जमिनीखाली वर्षानुवर्षं राहिलं तरी त्यांचा ऱ्हास होत नाही. समुद्राच्या पाण्यावर आधारलेल्या प्रमाण नमुन्याच्या तुलनेत हे जड रेणू हजारी किती कमी किंवा जास्त, तो आकडा म्हणजे डेल्टा.

आता खरी गंमत. 1961 मध्ये भूरसायनशास्त्रज्ञ हार्मन क्रेग यांनी जगभरातल्या पावसाच्या, नद्यांच्या आणि तळ्यांच्या सुमारे 400 नमुन्यांचे आकडे आलेखावर मांडले: आडव्या अक्षावर ऑक्सिजन, उभ्यावर ड्युटेरियम. बहुतेक सगळे एका सरळ रेषेवर आले: ड्युटेरियमचा डेल्टा म्हणजे ऑक्सिजनच्या डेल्टाची 8 पट अधिक 10. हा 8 कुठून आला? 25 अंश सेल्सिअसला पाणी आणि वाफ समतोलात असतील, तर वाफेत ऑक्सिजन-18 हजारी सुमारे 9 ने कमी असतो आणि ड्युटेरियम सुमारे 73 ने. म्हणजे जवळजवळ 8 पट. ड्युटेरियममुळे रेणूंमधले बंध जास्त घट्ट होतात, म्हणून त्याचा फरक एवढा मोठा. ढगात वाफेचं पाणी होताना हाच समतोल असतो, म्हणून पाऊस 8 च्या चढाची रेषा धरतो. मुसळधार पावसाच्या दिवसांत जड रेणू कमी होत जातात, आकडे रेषेवरच खाली घसरतात, पण रेषा सुटत नाही.

धरणातलं पाणी मात्र एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उघड्यावर उडतं. तिथे समतोल नसतो. पृष्ठभागावरून सुटलेल्या रेणूला वरच्या हवेच्या पातळ थरातून वाट काढावी लागते आणि तिथे बंधांना काही किंमत नाही, फक्त वजनाला आहे. ड्युटेरियमवाला रेणू 19 वजनाचा, ऑक्सिजन-18 वाला 20 चा. दोघं जवळजवळ सारखेच मागे पडतात. 20 वाला किंचित जास्तच. मग उरलेल्या पाण्यात ऑक्सिजन-18 ड्युटेरियमच्या मानाने जास्त साचतो, चढ 8 वरून 5 च्या आसपास येतो आणि बिंदू पावसाच्या रेषेच्या उजवीकडे, खाली सरकत जातो. अशा पाण्यात नुसता क्षार मिसळून किंवा ते गाळून ही खूण पुसता येत नाही.

झऱ्याचं पाणी याउलट. जुलै-ऑगस्टच्या जोरदार पावसात ते मुरमातून आणि बेसॉल्टच्या भेगांतून झटकन खाली जातं, ऊन लागण्याआधीच. झाडांची मुळं त्यातलं पाणी ओढतात तेव्हाही रेणूंची निवड करत नाहीत. म्हणून ते पावसाच्या रेषेजवळच राहतं. समजा, झऱ्याचा ऑक्सिजन डेल्टा उणे 3 आहे, धरणाचा उणे 1 आणि कुंडातल्या पाण्याचा उणे 1.5. मग कुंडात तीन-चतुर्थांश पाणी धरणाचं, असं साध्या त्रैराशिकाने निघतं. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी.)

जलवाहिनीची गळतीही यात पकडली जाते, कारण शहराचा नळ धरणावरच चालतो. अडचण आहे ती नदीकाठच्या झिरप्याची. आवर्तनाचं पाणी पात्रातून मुरून पुन्हा कुंडात पाझरलं, तर ते वरून झऱ्यासारखं दिसेल आणि आलेखावर धरणाचंच निघेल. माझ्या मते अशा पाझराला झरा म्हणू नये.

नमुना घेण्याची वेळ फार महत्त्वाची. ऑगस्टमध्ये धरण, नदी, कुंड सगळीकडे नवा पाऊस भरलेला असतो, तेव्हा हा फरक फारसा दिसणार नाही. मेमध्ये, आवर्तन सुटण्याआधी, तो सर्वांत स्पष्ट असतो. बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडाही ठेवायचा नाही, झाकण घट्ट लावायचं; नाहीतर बाटलीतच बाष्पीभवन होऊन झऱ्याचं पाणी धरणाचं ठरेल. आणि त्याआधी जून ते सप्टेंबर ब्रह्मगिरीच्या परिसरात आणि शहरात पडणारा पाऊस साठवून नाशिकची स्वतःची रेषा आखायला हवी. क्रेगची रेषा जगाची सरासरी आहे. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि रुरकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था यांच्याकडे असं मोजमाप करण्याची सोय आहे. काँक्रीट फोडण्याआधी निदान एक पावसाळा आणि त्यानंतरचा एक उन्हाळा दर महिन्याला नमुने घ्यायला हवेत.