सर्वपर्वतीय स्की

सर्वपर्वतीय स्की : हिमाच्छादित डोंगरउतारांवर वापरायच्या स्कीचा (बुटाला जोडून हिमावरून घसरत जाण्याच्या लांब पट्टीचा) एक प्रकार, ऑल-माउंटन स्की या नावानेही परिचित. यंत्राने दाबून घट्ट केलेले मार्ग, त्यांच्या कडेचे ताजे भुसभुशीत हिम, दुपारपर्यंत वर्दळीने उकरून ढेकळे झालेले हिम आणि उन्हात वितळून रात्रीतून पुन्हा गोठलेला कठीण पृष्ठभाग या सर्वांवर एकाच जोडीने उतरता यावे, हा तिच्या रचनेमागील हेतू असतो. कमरेपाशी, म्हणजे बुटाखालील सर्वांत अरुंद भागात, तिची रुंदी साधारणपणे ८० ते १०० मिमी. असते. या सीमा व्यवहारातून आल्या आहेत व गेल्या काही दशकांत त्या रुंदीकडे सरकल्या आहेत.

मध्यभागी निमुळती होणारी बाजूची वक्रता हा या स्कीचा गाभा असून तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. जुन्या लेखनात तिचे श्रेय बहुधा नॉर्वेच्या टेलेमार्क परगण्यातील मोर्गेदाल येथील सोंद्रे नोरहाइम (१८२५–९७) याला दिलेले आढळते. १८६८ मध्ये क्रिस्तियानिया (आताचे ऑस्लो) येथील स्पर्धेत त्याने दाखविलेली वळणे गाजली आणि टाच पक्की धरणाऱ्या, पिळलेल्या डहाळ्यांच्या बंधाप्रमाणेच (बूट स्कीला जखडणाऱ्या जोडणीप्रमाणेच) कमरेत निमुळती स्कीही त्याचीच निर्मिती होय, असा समज रूढ झाला. तथापि अशा आकाराच्या स्की त्या भागात आधीपासून बनत असाव्यात, असे काही अभ्यासक मानतात. गावोगावचे सुतार आपापल्या उतारांना साजेशी स्की घडवीत असत, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. नोरहाइमने हा आकार शोधला असे म्हणण्यापेक्षा त्याने तो सिद्ध करून दाखविला, असे म्हणणे सयुक्तिक ठरेल.

पोलादी कडा (ऑस्ट्रियाचा रुडोल्फ लेटनर, १९२० चे दशक) आणि धातूचे थर असलेली स्की (अमेरिकेचा हॉवर्ड हेड, सु. १९५०) यांमुळे पकड व टिकाऊपणा वाढला, वक्रता मात्र दीर्घकाळ अल्पच राहिली. स्लोव्हेनियातील एलान कंपनीची ‘एस्‌सीएक्स’ ही ठळक वक्रतेची स्की १९९३ च्या सुमारास बाजारात आली आणि काही वर्षांतच सरळ, लांब स्की मागे पडली. रुंदीचा प्रवाह वेगळ्या दिशेने आला. ऑस्ट्रियाच्या अटॉमिक कंपनीने १९८० च्या दशकाअखेरीस खोल हिमासाठी अतिरुंद स्की काढली, तर २००२ च्या सुमारास स्कीपटू शेन मॅककॉन्की याच्या कल्पनेतून, पाण्यावरील स्कीच्या धर्तीवर, टोके वर उचललेली व उलट्या वक्रतेची, म्हणजे कमरेपाशीच अधिक रुंद असलेली ‘स्पॅचुला’ आली. आजची सर्वपर्वतीय स्की या दोन्ही प्रवाहांची वारस होय.

वळणत्रिज्या, म्हणजे स्कीच्या आकारातून येणाऱ्या वळणाची त्रिज्या, बाजूच्या वक्रतेवरून काढता येते. टोक १३०, कंबर ९० व शेपूट (मागचे टोक) ११२ मिमी. रुंद असल्यास टोक व शेपूट यांची सरासरी १२१ मिमी. येते, तीतून कंबर वजा करून निम्मे केले की वक्रतेची खोली १५.५ मिमी. मिळते. हिमाला टेकणारी लांबी १.५ मी. धरली, तर लांबीच्या वर्गाला खोलीच्या आठपटीने भागून सु. १८ मी. त्रिज्या येते. हा आकडा स्की सपाट असतानाचा आहे. ती कडेवर कलली की घट्ट हिमावर त्रिज्या कोनाच्या कोज्येच्या प्रमाणात घटते आणि ६० अंशांच्या कलाला निम्म्यावर येते. म्हणून छापील त्रिज्येतील एखाद्या मीटरच्या फरकाला फार महत्त्व देऊ नये.

निवडीचा खरा पेच रुंदीचा आहे. १७५ सेंमी. लांबीची स्की सर्वत्र २० मिमी.ने रुंद केल्यास प्रत्येक पायाखाली सु. ३५० चौ. सेंमी. क्षेत्र वाढते आणि भुसभुशीत हिमात ती कमी रुतते. घट्ट हिमावर मात्र भार एका कडेवर येतो, ८० मिमी. कमरेत ही कड मध्यरेषेपासून ४० मिमी.वर, तर १०० मिमी. कमरेत ५० मिमी.वर असते. तरफेची भुजा अशा रीतीने पाव हिश्श्याने लांबली की घोटा व गुडघा यांना तेवढाच अधिक पीळ सोसावा लागतो, शिवाय एका कडेवरून दुसरीवर जाण्यास वेळ लागतो. रुंद स्कीच सर्वत्र चालते, असे एक मत आहे. प्रस्तुत लेखकाला ते पटत नाही. वर्षातील बहुतेक दिवस ज्या हिमावर जातात त्याला अनुसरून रुंदी ठरवावी. प्रामुख्याने दाबलेल्या मार्गांवर राहणाऱ्याला ८४ ते ९० मिमी. पुरेशी होते, तर ९५ च्या पुढील रुंदी जिथे वारंवार नवे हिम पडते तिथे सार्थ ठरते.

रुंदीइतकाच पिळाला होणारा विरोध महत्त्वाचा असूनही तो तपशीलपत्रकात सहसा नोंदलेला नसतो. स्की उभी धरून एका हाताने कंबर आवळावी व दुसऱ्याने टोक पिळून पाहावे. सहज वळणारे टोक गोठलेल्या उतारावर निसटते, तर अजिबात न वळणारे टोक ढेकळांत अडखळून पाय खेचते. गाभ्यात पॉप्लर, बीच, ॲश किंवा वजनाने हलकी पाउलोनिया ही लाकडे वापरतात. त्यांवर घातलेला टायटॅनल हा थर नावावरून टायटॅनियमचा वाटतो. वस्तुतः ते ॲल्युमिनियमचे मिश्रधातू होय. तो कंपने शोषतो, वजन मात्र वाढवितो. हलक्या शरीराच्या अथवा नवख्या व्यक्तीला धातूचे दोन पूर्ण थर असलेली स्की वाकविणे सहसा कठीण जाते.

लांबी सामान्यतः हनुवटी ते डोक्याचा माथा यांदरम्यान घेतात. टोकाशी वर उचललेला भाग, म्हणजे रॉकर, मोठा असल्यास हिमाला टेकणारी कड आखूड होते, म्हणून थोडी अधिक लांबी चालते. बुटाखाली मात्र पारंपरिक कमान, म्हणजे कॅम्बर, असावी. कठीण हिमावरील पकड तिच्यावर अवलंबून असते.

बंधाचा ब्रेक, म्हणजे बूट सुटल्यावर स्कीला घसरत जाण्यापासून रोखणारे दांडे, कमरेपेक्षा किंचित रुंद लागतो. फार रुंद ब्रेक कलत्या वळणात हिमाला घासतो. बंध सुटण्याची मर्यादा आयएसओ ११०८८ या मानकानुसार वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी व कौशल्य यांवरून तंत्रज्ञाकडून बसवून घ्यावी लागते.