जास्त अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लावला की उपकरण जळतं?

‘1 अँपिअरच्या उपकरणाला 5 अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लावला तर पाचपट करंट घुसून ते जळतं’ असा समज बराच फिरतो. आकडा मोठा, म्हणून भीती वाटणं साहजिकच.

पण अ‍ॅडॉप्टरवरचे अँपिअर म्हणजे तो जास्तीत जास्त किती करंट देऊ शकतो, ती मर्यादा. प्रत्यक्षात किती वाहणार ते लोड (म्हणजे जोडलेलं उपकरण) ठरवतो: करंट = व्होल्टेज ÷ रोध. 12 व्होल्टवर 12 ओहमचा लोड 1 अँपिअरच खेचणार, म्हणजे 12 वॉट. अ‍ॅडॉप्टर 1 अँपिअरचा असो वा 5 चा.

पडताळायचं तर 12 ओहम, 25 वॉटचा रेझिस्टर घ्या (हात लावू नका, चांगलाच तापतो). मल्टिमीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या सॉकेटमध्ये घालून मीटर सिरीजमध्ये, म्हणजे सगळा करंट मीटरमधूनच जाईल असा, जोडा. थेट अ‍ॅडॉप्टरच्या दोन टोकांना लावलात तर शॉर्ट होईल. दोन्ही अ‍ॅडॉप्टरवर आकडा 1 च्या आसपासच दिसेल.

जाळतं ते चुकीचं व्होल्टेज. त्याच रेझिस्टरला 24 व्होल्ट दिले की 2 अँपिअर, 48 वॉट: व्होल्टेज दुप्पट, उष्णता चौपट. पिनची उलटी पोलॅरिटीही (प्लस-मायनसची अदलाबदल) तितकीच घातक. आणि कमी अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लावलात तर तोच तापतो, व्होल्टेज पडतं, उपकरण सारखं रीस्टार्ट होतं.